७०व्या मिनिटानंतरचा फुटबॉल

मोठ्यांच्या हौशी लीगमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिला तासभर दोन्ही संघ बरोबरीचे वाटतात आणि मग ७०व्या मिनिटाच्या आसपास त्यातला एक उसवायला लागतो. गोल भराभर पडतात, कोणाची मांडी धरते, रेफरीशी वाद सुरू होतात. लोक म्हणतात दम संपला. दम तर दोघांचाही संपलेला असतो. फरक पडतो तो संघ मैदानावर किती लांब पसरला आहे यामुळे. आणि ही लांबी आवरायला आठवड्यातून चार दिवस धावायला जावं लागत नाही.

लांबी म्हणजे आपल्या सेंटर बॅकपासून (मागच्या रेषेतला मधला डिफेंडर) स्ट्रायकरपर्यंतचं (सगळ्यात पुढचा आक्रमक) अंतर. पाय ताजे असताना नीट उभा राहिलेला संघ ३० ते ३५ मीटरमध्ये मावतो. दमल्यावर सेंटर बॅकला डोक्यावरून येणाऱ्या बॉलची धास्ती वाटते, म्हणून तो पेनल्टी बॉक्सला चिकटतो. स्ट्रायकरकडे परत यायला श्वास नसतो, म्हणून तो पुढेच थांबतो. अंतर ५५-६० मीटरवर जातं आणि मधल्या दोन मिडफिल्डरच्या वाट्याला अर्धं मैदान येतं. आता प्रत्येक पास लांबचा, प्रत्येक धाव लांबची. गोल कसा पडतो तेही ठरलेलं आहे: आपण उडवलेला बॉल त्यांच्या डिफेंडरच्या डोक्याला लागून मधल्या मोकळ्या पट्ट्यात पडतो, तिथे आपलं कोणीच नसतं, आणि त्यांचा मिडफिल्डर बॉल घेऊन आपल्या चार डिफेंडरवर सरळ चालून येतो.

पहिला उपाय बेंचवर आहे. बहुतेक हौशी लीगमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो. तळागाळाच्या आणि वयस्करांच्या सामन्यांसाठी नियमांमध्ये तशी मुभा आहे, फक्त आपल्या लीगने ती घेतली आहे का ते मोसमाआधी वाचून ठेवावं. मुभा असूनही ती वाया जाते, कारण सगळीकडे एकच पद्धत असते: जो दमेल तो हात वर करेल. ही पद्धत चालत नाही. हात वर करणारा पाच मिनिटं आधीच संपलेला असतो, आणि ज्याला बाहेर यायचंच नसतं तो हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) धरूनच बाहेर येतो. त्यात कॅप्टन स्वतः खेळत असतो, त्याला कोण किती वेळ आत आहे याचा हिशोब लागत नाही.

त्यापेक्षा कागद घ्या. समजा १५ जण आले आहेत. गोली सोडून १४. नव्वद मिनिटांचे १५ मिनिटांचे सहा खंड पाडा: १४ ओळी, सहा रकाने. जो बाहेर बसेल त्याच्या रकान्यात फुली. प्रत्येक खंडात चौघं बाहेर, म्हणजे एकूण २४ फुल्या. दहा जणांना दोन दोन फुल्या आणि चौघांना एक एक, की हिशोब जुळला. दोन फुल्यांवाले ६० मिनिटं खेळतात, एक फुलीवाले ७५. त्या चौघांत दोन्ही सेंटर बॅक धरावेत, कारण त्यांना तुलनेने कमी पळावं लागतं आणि ते सारखे बदलले तर मागची रेषा विस्कटते. दोघांना एकाच खंडात बाहेर काढू नये. एकाच बाजूचा फुल बॅक (कडेचा डिफेंडर) आणि विंगर (कडेचा आक्रमक) यांनाही एकदम बदलू नये. नव्या जोडीला कोण कोणाला धरणार हे कळेपर्यंत त्या बाजूने दोन क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेले बॉल, येऊन जातात. आणि मुख्य गोष्ट, शेवटच्या खंडात मिडफिल्डमध्ये जे असतील त्यांच्यापैकी एकाची विश्रांती चौथ्या खंडात ठेवा आणि दुसऱ्याची पाचव्या. ७५व्या मिनिटाला मधोमध ताजे पाय हवेत. तेराच जण आले असतील तर हिशोब आणखी सोपा: प्रत्येकाला एक फुली, प्रत्येकी ७५ मिनिटं.

हा कागद न खेळणाऱ्या माणसाच्या हातात द्यावा. बदल खेळ थांबलेला असतानाच होतो, पण कॉर्नर किंवा जवळची फ्री किक अडवायची असताना करू नये. बाहेर जाणाऱ्याने जवळच्या रेषेवरून मैदान सोडायचं, हा नियम २०१९ पासून आहे. लंगडत लंगडत मधल्या रेषेपर्यंत येण्याची गरज नाही. आत जाणारा मात्र मधल्या रेषेवरून, रेफरीच्या खुणेनंतरच जातो. त्याने निदान पाच मिनिटं आधी जॅकेट काढून रेषेबाहेर हालचाल सुरू केलेली असावी. थंड पायांनी आत जाऊन पहिल्याच बॉलवर जोरात पळणाऱ्याचा स्नायू तिथेच ताणला जातो.

दुसरा उपाय मागच्या रेषेचा, आणि तो फुकट आहे. सूत्र एवढंच: बॉल असलेल्यावर दबाव असेल तर पुढे, नसेल तर मागे. समोरचा स्वतःच्याच गोलकडे तोंड करून वळला, बॉल मागे पास झाला किंवा आपण तो लांब उडवला, की मागच्या चौघांनी पाच ते आठ मीटर वर यायचं. समोरचा मान वर करून मोकळा उभा असेल तर खाली सरकायचं. कधी सरकायचं ते एकाच माणसाने ओरडून सांगायचं, शक्यतो ज्याला पूर्ण मैदान दिसतं त्या सेंटर बॅकने. ७०व्या मिनिटाला होतं असं की बॉल उडवल्यावर चौघं जागेवर उभे राहून तो कुठे पडतो ते बघत बसतात. नेमके तेच चार सेकंद वर यायचे असतात.

वर येणं वेगळं आणि ऑफसाइडचा सापळा, म्हणजे समोरचा आक्रमक मागे सुटून ऑफसाइड ठरावा म्हणून चौघांनी एकदम पुढे सरकणं, वेगळा. सापळा हौशी लीगमध्ये लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच सामन्यांत शिकलेला लाइन्समन नसतो. झेंडा कुठल्यातरी संघाच्या बेंचवरच्या माणसाकडे असतो किंवा एकटा रेफरी ३० मीटरवरून निर्णय देतो. हात वर करून थांबलेले चार डिफेंडर आणि न वाजलेली शिट्टी, यातून पडणारा गोल अडवता येत नाही. शिवाय थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो. वर्षानुवर्षं खेळलेली माणसंही लांब थ्रो-इनच्या वेळी रेषा वर घेतात आणि मागे सुटलेल्या माणसाकडे बघत राहतात.

गोल किकचं तर खास सांगायला हवं. २०१९ पासून गोल किक बॉक्सच्या आतच आपल्या माणसाला देता येते, आणि टीव्हीवरचे संघ तसंच खेळतात म्हणून हौशी संघही तसं करायला जातात. सपाट मैदान आणि शांत डोक्याचे सेंटर बॅक असतील तर पहिल्या अर्ध्या तासात जरूर करा. दमल्यावर नको. पण लांब किक मारायची तर ती नीट ठरवून. हौशी गोलीची किक साधारण ३५ ते ४५ मीटरवर पडते, आणि त्याचा संघ मात्र ६० मीटरवर वाट बघत उभा असतो. किक पडते तिथे उभं राहायचं. एक बाजू ठरवा आणि दहाही जणांना त्या बाजूला ओढून घ्या. पलीकडच्या फुल बॅकनेही मैदानाच्या मध्यापर्यंत यायचं. उडी मारणारा एकच. एक जण त्याच्या चार-पाच मीटर पुढे, दोघं मागे. पहिला हेडर हरलात तरी खाली पडणारा बॉल आपल्याच गर्दीत पडतो.

संघाला श्वास घेता यावा म्हणून बॉल छातीशी धरून थांबणारे गोली खूप आहेत. त्यांनी नवा नियम लक्षात ठेवावा: २०२५-२६ च्या नियमावलीपासून हातात बॉल आठ सेकंदच ठेवता येतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजून दाखवतो, आणि त्यापेक्षा उशीर झाला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. ८५व्या मिनिटाला फुकटचा कॉर्नर कोणालाच परवडत नाही. रेफरीशी हुज्जत घालण्याचंही तसंच. काही लीगमध्ये उलट बोलल्याबद्दल खेळाडूला काही वेळ बाहेर बसवतात, नव्वद मिनिटांच्या सामन्यात सहसा १० मिनिटं. दमलेल्या संघाने दहा जणांनिशी काढलेली ती १० मिनिटं पुढे सामना संपेपर्यंत पायांत राहतात. संघातले सात जणही उरले नाहीत तर सामनाच पुढे चालू शकत नाही, तेव्हा १२-१३ जणांच्या भरवशावर मोसमात उतरू नये. नोंदणी २० ते २२ जणांची असली की कुठल्याही सकाळी १४-१५ जण जमतात.

आता शरीराचं. हॅमस्ट्रिंग जास्त करून पूर्ण वेगात पळताना जाते, आणि थंड किंवा दमलेले पाय असले की धोका वाढतो. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने २००६ मध्ये तयार केलेला ‘११+’ हा वॉर्मअप हौशी खेळाडूंसाठीच आहे: १५ व्यायाम, तीन भाग, साधारण २० मिनिटं. आठ मिनिटं हळू धावणं आणि हालचाली, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून दोनदा केला तर फायदा होतो. सामन्याच्या दिवशी मधला ताकदीचा भाग वगळायचा, फक्त धावण्याचे दोन भाग करायचे. उभं राहून पायाची बोटं धरून वाकणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. मध्यंतरात दहा मिनिटं बसलात तर शिट्टीच्या दोन मिनिटं आधी उठून थोडं धावा आणि २० मीटरच्या दोन वेगवान धावा काढा. ही साधी गोष्ट जवळजवळ कोणी करत नाही.

त्या मधल्या भागातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा व्यायाम मी सगळ्यात वर ठेवेन. मऊ जागी गुडघ्यांवर बसा, मागे जोडीदार दोन्ही घोटे घट्ट दाबून धरतो. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुका आणि मांडीच्या मागच्या स्नायूंनी स्वतःला रोखून धरा. आवरेनासं झालं की हात टेकवा. कंबरेत वाकलात तर सगळा भार स्नायूंवरून निघून जातो. हीच नेहमीची चूक. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. पुढचे दोन दिवस मांडी चांगलीच दुखते, म्हणून पहिल्यांदा करताना सामना किमान चार दिवस लांब असावा. हा व्यायाम नेटाने करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं आहे.

पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडे ओढा आणि २०-३० सेकंद धरा. गोळा सुटला तरी त्या खेळाडूला बदला, तो पुन्हा येतो. पाणी आणि मीठ कमी पडल्याने गोळे येतात असं सरसकट म्हणतात, पण स्नायू थकणं हे त्याहून मोठं कारण आहे. घोटा मुरगळला आणि चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. लेस घट्ट बांधून खेळू नका. डोक्याला मार लागून गरगरत असेल, काही आठवत नसेल, तर त्या दिवशी खेळ संपला.

बूट मैदान बघून घ्यावेत. खोक्यावर एफजी असेल तर ते नैसर्गिक, कोरड्या गवतासाठी, एसजी चिखलासाठी, एजी कृत्रिम गवतासाठी, त्याचे स्टड आखूड आणि संख्येने जास्त असतात, टीएफला तळभर रबराच्या बारीक गोळ्या असतात, ते कडक जमिनीवर आणि जुन्या टर्फवर चालतात. कृत्रिम गवतावर एफजी घातले की लांब स्टड रुततो, पाय जागेवर अडकतो आणि शरीर वळतं. तो पीळ गुडघ्याला बसतो, आणि दमल्यावर पाय उचलायला उशीर होतो तेव्हा जास्तच. बॉलमधल्या हवेकडेही लक्ष द्या. नियमात ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर दाब चालतो. कडक मैदानावर तो ०.६ ते ०.८ च्या आसपास ठेवला तर टप्पा कमी उडतो आणि सेंटर बॅकच्या डोक्यावरून जाणारे बॉल कमी होतात. त्याला आणखी दहा मीटर वर उभं राहायचं धाडस येतं.

आठवड्यातून एकच सराव होत असेल तर त्यात एक खेळ ठेवा. साधारण ५० बाय ४० मीटरची जागा आखा, मध्ये रेषा, आठ विरुद्ध आठ. आक्रमण करणाऱ्यांचा गोल तेव्हाच धरायचा जेव्हा गोली सोडून त्यांचे सगळे मधल्या रेषेच्या पुढे आलेले असतील. बचाव करणाऱ्यांपैकी कोणी रेषेपलीकडे रेंगाळत असेल तर तो गोल दोन मोजायचा. रेषेवर एक माणूस उभा करा, तोच निर्णय देईल, नाहीतर निम्मा वेळ वादात जातो. चार मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, असे चार डाव. हा खेळ सरावाच्या सुरुवातीला घेऊ नका. शेवटच्या वीस मिनिटांत, पाय जड झाल्यावर घ्या, आणि सेंटर बॅकला सांगा की बॉल उडाला की पहिला आवाज त्याचाच आला पाहिजे.