दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: माझा अनुभव

अंतर मी आधी हाताने काढतो, ॲपशी नंतर ताडून बघतो. विमानतळ नावाने शोधत नाही, कारण एकाच नावाची शहरं वेगवेगळ्या देशांत सापडतात. चार अक्षरी आयसीएओ कोड (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने दिलेला) धरला की घोळ होत नाही. तीन अक्षरी आयएटीए कोड, म्हणजे तिकिटावर दिसतो तो, बऱ्याच छोट्या धावपट्ट्यांना नसतोच.

मग अक्षांश-रेखांश. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. २५ अंश ३० मिनिटं म्हणजे २५.५०, पण लोक सर्रास २५.३० लिहितात. तेवढ्याने अक्षांशात जागा १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर सरकते. मिनिटांना नेहमी ६० ने भागायचं.

पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत हॅव्हरसाइन सूत्राची (गोल पृथ्वीवरचं अंतर काढायचं सूत्र) गरज मला वाटत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आखडत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. समजा अक्षांशात २.५ अंशांचा फरक आहे, रेखांशात ४ अंशांचा, आणि मधला अक्षांश ३० आहे. एक बाजू १५० मैल (इथून पुढे मैल म्हणजे सागरी मैलच). दुसरी २४० गुणिले ०.८६६, म्हणजे २०८. पायथागोरसने अंतर येतं २५६ सागरी मैल. १.८५२ ने गुणलं की साधारण ४७५ किलोमीटर. कोसाइन विसरलात तर उत्तर २८३ मैल येईल, म्हणजे ५० किलोमीटर फुकटचे.

हे झालं सरळ अंतर. विमान ठरलेल्या मार्गबिंदूंवरून जातं आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेला वळसा घेतं, म्हणून मी सात-आठ टक्के वाढवून २७५ मैल धरतो.

एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान साधारण २७५ नॉट, म्हणजे ताशी २७५ सागरी मैल वेगाने जातं, म्हणजे हवेत एक तास. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची १० मिनिटं. दोन्हीकडच्या टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेण्या-आणण्याची, मिळून १५. ब्लॉक टाइम, म्हणजे निघण्यापासून थांबेपर्यंतचा सगळा वेळ, झाला १ तास २५ मिनिटं. ही २५ मिनिटं अंतर कितीही कमी असलं तरी फारशी घटत नाहीत. म्हणून किलोमीटरला वेगाने भागून काढलेला वेळ छोट्या मार्गावर हमखास फसतो. ४५० नॉटचं जेट घेतलं तर कागदावर २३ मिनिटं वाचतात. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण एवढ्याशा अंतरात त्याचा निम्म्याहून जास्त वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

वारा विसरून चालत नाही. हवामान अहवालात वाऱ्याची दिशा तो जिथून येतो तिची असते: २७० म्हणजे पश्चिमेकडून. समोरून ३० नॉट असेल तर जमिनीच्या तुलनेतला वेग २४५ होतो आणि तासाची ६७ मिनिटं होतात. तोच वारा मागून मिळाला तर ५४. जाताना ७ मिनिटं गेली, येताना ६ च परत मिळाली. वारा तिरका असेल तर त्याच्या वेगाला मार्गाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनने गुणून तेवढाच भाग धरायचा.

आलेलं उत्तर वेळापत्रकाशी ताडताना निघण्याची आणि पोचण्याची अशा दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणतो. वाटेत प्रमाणवेळ एका तासाने बदलत असेल तर एका बाजूचं उड्डाण २५ मिनिटांचं आणि परतीचं २ तास २५ मिनिटांचं दिसतं. त्यानंतरही वेळापत्रक दहा-पंधरा मिनिटांनी जास्त निघालं तर हिशेब चुकलेला नसतो: उशीर सामावून घ्यायला कंपन्या तेवढी जागा ठेवतातच.