दोन मीटरचे तुकडे : आमची वाटचाल

गिर्यारोहण क्लबांनी बाद केलेल्या रोपांपासून, म्हणजे चढाईच्या दोरांपासून, आम्ही पायपुसणी आणि दावी बनवतो. शेडमध्ये आलेला प्रत्येक रोप आधी माझ्या बोटांतून जातो. डोळे मिटायचे आणि वीत-वीत सरकवायचा. शीथ, म्हणजे वरचं विणलेलं आवरण, केसाळ झाली असेल तर दिसतेच. पण आतला कोअर, म्हणजे भार पेलणारा धाग्यांचा गाभा, गेला असेल तिथे रोप एकदम मऊ लागतो, चिमटीत दुमडतो. तिथे खडूची खूण. बेसॉल्टच्या कडा रोपाचं काय करतात, ते सह्याद्रीतले नागफणी-लिंगाण्यासारखे कडे चढलेल्यांना मी सांगायला नको.

सुरुवात माझी आणि माझ्या क्लाइंबिंग पार्टनरची. दाभण, मेणाचा दोरा, पायपुसणी विणायला खिळे ठोकलेली फळी आणि कापायला गरम पातं. नायलॉन 220 अंशांच्या आसपास वितळतं. पातं जास्त तापलं की टोक काळं पडून हाताला टोचतं, कमी तापलं की कोअरचे धागे बाहेर येतात. हे पातं अजूनही मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही.

पहिलं गिऱ्हाईक तैलबैलाच्या पायथ्याचे एक काका. त्यांना पायपुसणी नको होती, बैलांना दावी हवी होती. बाजारचा प्लॅस्टिकचा दोर मानेला काचायचा. आजही पोळ्याच्या आधी फोन येतो, "पोरा, लाल हाय का?" लाल नसला तर मी शोधून आणतो.

पार्टनरने जे केलं ते मी विसरलेलो नाही. आमच्याच शेडमधले न कापलेले रोप त्याने रंगकामाच्या ठेकेदाराला 'सेफ्टी रोप' म्हणून विकले. त्यावर माणसं इमारतीला लटकली. कुणी पडलं नाही, हे नशीब. रोपाच्या टोकाला क्लबची टेप होती; कुणीतरी ती ओळखली आणि क्लबला फोन केला. दोन महिन्यांत सगळ्या क्लबांनी रोप देणं बंद केलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण ऐकून कोण घेणार? पार्टनर गेला, बोल माझ्या माथी राहिला. भाडं थकलं तेव्हा मी माझे कॅम आणि कॅराबिनर, म्हणजे चढाईचं स्वतःचं सामान, विकले.

मग पातं घेऊन स्वतः क्लबांच्या दारात गेलो. त्यांच्या देखत दोन-दोन मीटरचे तुकडे केले आणि तेवढेच उचलले. मोठ्या पायपुसण्यांसाठी तेव्हापासून तुकडे जोडून शिवावे लागतात. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

क्लबवाल्यांनो, एक ऐका. न वापरलेला रोपही दहा वर्षांनी बाद करा, बहुतेक कंपन्या हेच सांगतात. डिकीत बॅटरीशेजारी टाकू नका, ॲसिडने नायलॉन आतून मरतं आणि वरून दिसत नाही. धुताना ब्लीच नको, वाळवायचा सावलीत. आणि बाद केलेला रोप कुणालाही अख्खा देऊ नका, विहिरीवर पोहणाऱ्या पोरांनाही नाही.

पुढची वर्षं बरी गेली. गेल्या महिन्यात, टेपवरून ज्यांना फोन गेला होता त्याच क्लबचा रोप आला. त्यांनीच तुकडे केले होते, प्रत्येक टोकाला टेप लावून.