जात्यावरच्या ओव्यांचा आमचा पहिला अल्बम

वहिनी आणि मी जोडीनं जात्यावरच्या ओव्या गातो. आधी घरच्या लग्नांत घाणा भरताना, मग महिला मंडळांत, मग कॉलेजांच्या कार्यक्रमांत. गाणं संपलं की कुणीतरी विचारायचंच, "ताई, हे परत कुठं ऐकायला मिळेल?" म्हणून अल्बमचं मनावर घेतलं.

ओव्या आजी-आत्यांकडून वहीत उतरवल्या होत्याच. शिवाय अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पातून गोळा झालेल्या एक लाखाहून जास्त ओव्यांचा ठेवा आहे, त्यातल्या कितीतरी 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर ऐकता येतात. आम्ही त्या रात्र-रात्र ऐकल्या. गावागणिक चाल कशी वळण घेते हे कळायला त्याहून चांगली शाळा नाही.

खरी कसोटी रेकॉर्डिंगची. पहिल्या स्टुडिओत दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी एकसारखी टिकटिक, देऊन गायला लावलं. सूर-ताल चोख, पण ओवीत जीव नाही. जात्यात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घातली की फेरा जड होतो, ओळ लांबते; पीठ पडू लागलं की पुन्हा हलकी होते. क्लिकला हे कसं समजावं? आणि एका खुंट्यावर दोघी समोरासमोर बसतात, एकीचा श्वास संपतोय हे दुसरीला चेहऱ्यावरून दिसतं. मध्ये भिंत आली की ते गेलंच.

दुसरीकडच्या रेकॉर्डिस्टदादांनी हे ऐकून घेतलं आणि एकच माइक मधोमध ठेवला, 'फिगर ऑफ एट' प्रकारचा. तो पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, बाजूचं जवळजवळ सोडून देतो. आम्ही त्याच्या दोन बाजूंना, एकमेकींकडे तोंड करून बसलो. वहिनींचा आवाज खडा, म्हणून त्या वीतभर मागे सरकल्या. झालं मिक्सिंग, दोन आवाजांचा तोल तिथंच साधला! एकीचा सूर हलला तर अख्खी ओवी दोघींनी पुन्हा म्हणायची, कारण आवाज नंतर सुटे करता येत नाहीत. एसी बंद, घामानं निथळत गायलो, पण प्लेबॅक ऐकताना वहिनी म्हणाल्या, "वन्सं, हे आपलं घर वाजतंय."

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण टाळू नका. पारंपरिक ओवीवर कुणाचा कॉपीराइट नसतो. आपल्या रेकॉर्डिंगवर मात्र असतो, आणि भारतात तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे रेकॉर्डिंगची मालकी आमची, हे स्टुडिओकडून लेखी घेतलं. उत्पन्नाची निम्मी-निम्मी वाटणीही कागदावर आणली, नात्यातल्या जोडीला तर ती जास्तच हवी. गाणी ऑनलाइन ॲप्सवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमार्फत प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळखखूण, मिळाला.

गीतकाराच्या रकान्यात सगळीकडे 'पारंपरिक' लिहून मोकळं होणं मला पटत नव्हतं. काही ओव्या आत्यानं स्वतः, माहेरपणाला आलेल्या लेकीसाठी बांधलेल्या आहेत. तिची परवानगी घेतली, तिथं तिचं नाव दिलं आणि तिचा वाटाही ठरवला.

आता कार्यक्रमाचं बोलावणं आलं की आधी अल्बमची लिंक पाठवतो आणि मानधन बोलून घेतो. मंचावर दोन माइक उभे केलेले असले, तरी एकच द्या आणि आम्हाला समोरासमोर बसू द्या, असं आयोजकांना आवर्जून सांगतो.