सॅकमधला संसार

कॅमेऱ्याची बॅग म्हटलं की लोकांना ती काळी, चौकोनी, कंपनीचं नाव ठळक लिहिलेलीच लागते आणि मला नेमकी तीच नको असते, कारण ती पाठीवर दिसली की स्टेशनावरच्या कुणालाही लांबूनच कळतं की आत माल आहे. त्यापेक्षा कॉलेजच्या पोराची वाटेल अशी साधी वीस-पंचवीस लिटरची सॅक घ्यावी, आत फोमचं कप्पेवालं इन्सर्ट टाकावं, ते वेगळं मिळतं, झालं काम. ट्रेक नसेल तेव्हा इन्सर्ट काढून तीच सॅक बाजारातून भाजी आणायला.

मुंबईच्या बोरा बाजारात दुकानदार आधी कप्पे मोजून दाखवतो. मोजू दे. आपण पट्टा जिथे पाठीला शिवलाय तिथे बोट घालून जोरात ओढायचं, टाका हलला की सॅक परत ठेवायची. मग चेन दोन-चार वेळा कोपऱ्यावरून फिरवायची, कारण अडकणारी चेन कोपऱ्यातच अडकते. स्वस्तात कप्पे भरपूर मिळतात, शिलाई मिळत नाही.

आता वजन. कॅनन १५००डी बॅटरीसकट ४७५ ग्रॅम, लांबचं टिपायची ५५-२५० लेन्स ३७५, कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स दोनशेच्या आसपास, म्हणजे सगळं मिळून किलोभर. आणि हरिश्चंद्रगड चढायचा तर पाणी किती? दोन लिटर तरी, म्हणजे दोन किलो! सगळे कॅमेरा जड, कॅमेरा जड म्हणून रडतात आणि पाठ खरी मोडते पाण्याने. म्हणून बाटल्या बाहेरच्या जाळीत दोन्ही बाजूंना एकेक, आत कॅमेऱ्याशेजारी कधीच नाही, झाकण कितीही घट्ट असलं तरी. कॅमेरा पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. तळाला कपडे. जड वस्तू पाठीपासून लांब गेली की चढावर सॅक मागे खेचत राहते आणि आपण उगाच फिटनेसला दोष देतो.

पावसाळ्यात रेनकव्हरवर फार विसंबू नये हे माझं ठाम मत. सह्याद्रीतला पाऊस वरून कमी, आडवाच जास्त येतो आणि कव्हर पाठीची बाजू झाकत नाही, तिथून पाणी मानेवरून ओघळत सरळ आत. दुकानदाराचं वॉटरप्रूफ म्हणजे बहुतेक वेळा फक्त कापड वॉटरप्रूफ, शिलाईच्या भोकांतून पाणी शिरतंच. त्यामुळे आधी जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड पिळून गाठ मारलेली, आणि त्यात अख्खं इन्सर्ट. दिसायला गबाळं, पण चालतं बघा.

बॅटऱ्यांचं एक सांगतो, भरलेली सरळ आणि संपलेली उलटी ठेवायची, अंधारात हाताला कळतं. विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच, चेक-इनला चालत नाहीत.

आणि घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्ये झोपवून ठेवू नका हो, फोम ओल धरून बसतो आणि कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी यायला वेळ लागत नाही. एअरटाइट डबा, त्यात निळी सिलिका जेल, गुलाबी झाली की तापवून परत निळी करायची. आमच्याकडे तो डबा दिवाळीच्या तोंडावर आई चकल्यांसाठी मागते, दरवर्षी वाद होतो, आणि दरवर्षी चकल्याच जिंकतात.