वेरूळमध्ये उजेड मोजताना

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ ३० किलोमीटर. कॅमेरा घेऊन निघण्याआधी दोन गोष्टी लक्षात असू द्या: लेणी मंगळवारी बंद असतात, आणि त्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी दर्शनी भाग सावलीत, ऊन दुपारनंतर.

गर्दी टाळायला आम्ही सकाळीच कैलास लेण्यात (क्रमांक १६) शिरलो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वरून खाली कोरत आणलेलं देऊळ; चौकाभोवती तिन्ही बाजूंनी उभे कडे. इथे कॅमेऱ्याचं मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) चकतंच. समोरची वस्तू मध्यम राखाडी आहे असं ते गृहीत धरतं आणि बेसाल्ट त्याहून बराच काळा. फ्रेम नुसत्या दगडाने भरली की फोटो नको तेवढा उजळ येतो, दगड सिमेंटसारखा दिसतो. तेव्हा कॉम्पेन्सेशन उणे एक, म्हणजे मीटर सांगेल त्याच्या निम्माच उजेड घ्यायचा. पण चौकातल्या दगडी हत्तीजवळून कॅमेरा शिखराकडे उचलला आणि मागे आभाळ आलं की तोच दगड काळाठिक्कर पडतो. दर फोटोला आकडे फिरवत बसायचं का?

त्यापेक्षा दगडावर पडणारा उजेड मोजावा. मूर्तीवर जो उजेड आहे त्यातच आपला तळहात धरा, स्पॉट मीटरने (फ्रेममधला छोटासा ठिपकाच मोजणाऱ्या) त्याचं माप घ्या, एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट करा, आणि मॅन्युअल मोडवर तेच ठेवा. तळहात राखाडीपेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. हवेत हात धरून उभं राहिलं की लोक बघतात, बघू देत. मंदिरावर कुठेकुठे जुन्या पांढऱ्या गिलाव्याचे अवशेष आहेत, तेही या मापात शाबूत राहतात. ऊन सरकलं की मात्र माप नव्याने घ्या.

दहावं लेणं, विश्वकर्मा, दुपारनंतरसाठी राखून ठेवा. दर्शनी भागातल्या खिडकीतून उजेड तेव्हाच आत येतो. बुद्धाच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटर धरा. खिडकी फ्रेममध्ये असेल तर ती पांढरी होणारच, तिच्या नादी लागू नका. आत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, छिद्र एफ २.८ आणि शटर १/३० सेकंद इथपासून सुरुवात करून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघा. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती नसेल तर खांबाला पाठ टेकायची आणि श्वास रोखून तीन-चार फोटो सलग घ्यायचे, एखादा तरी स्थिर येतो.

जैन लेणी (३० ते ३४) बरीच उत्तरेला आहेत. चालत जाणार असाल तर कैलास आणि विश्वकर्मा यांच्या मधल्या वेळात उरका.