यू यू

दुपारी घरात एकाएकी शांतता पसरली की मी वर्तमानपत्र खाली ठेवतो. आमची कुत्री चिंगी झोपली असेल तर तिचे घोरणे ऐकू येते आणि जागी असेल तर फरशीवर तिची नखे वाजतात. दोन्ही ऐकू येत नसले, तर ती काहीतरी खात असते आणि ते आम्ही दिलेले नसते. परवा मी गॅलरीत पोहोचलो तेव्हा कोपऱ्यातली एक फरशी ओली आणि इतर फरश्यांपेक्षा अधिक स्वच्छ होती. चिंगी माझ्याकडे पाहत जिभेने नाकाचा शेंडा पुसत होती. सकाळी टेकडीवर तिने जे केले नव्हते ते आता केले होते, आणि आवरलेही तिनेच होते.

या प्रकरणात मला पहिली अडचण आली ती शब्दाची. सबंध नोकरीत सरकारी मराठीतून टिपणे लिहिलेल्या माणसाजवळ मल, विष्ठा, शौच असे शब्द हाताशी असतात. पण ‘आमची कुत्री विष्ठा भक्षण करते’ असे पशुवैद्याला सांगायला मन धजेना. सौभाग्यवती ‘शी’ म्हणतात, शेजारची मुलगी ‘पॉटी’ म्हणते. डॉक्टरांनी मात्र चष्म्यावरून पाहत सरळ विचारले, ‘‘गू कधीपासून खाते?’’ आणि त्यांच्याविषयीचा माझा आदर तत्क्षणी दुणावला. शब्दांच्या बाबतीत आपली भाषा एरवीही गमतीदार आहे. आपण शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाट मांडतो, पंचगव्य तळहातावर घेऊन भक्तिभावाने प्राशन करतो, आणि तरीही एखाद्याने अब्रू घालवली की त्याने शेण खाल्ले असेच म्हणतो.

डॉक्टरांनी जंत तपासले. स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडत असतील तर खाल्लेले अंगी लागत नाही, कुत्रे पोटभर खाऊनही वाळत जाते आणि भुकेपायी असे काही खाऊ लागते; स्टेरॉइड चालू असले तरी भूक अशीच खवळते, असे त्यांनी समजावून सांगितले. चिंगीकडे पाहून वाळण्याची शंका कोणालाच येण्यासारखी नव्हती. जंताचे औषध देऊन झाल्यावर ते म्हणाले, ‘‘हिला काही झालेले नाही. हिला ते आवडते.’’ व्यालेली कुत्री पहिले तीनेक आठवडे पिल्लांचे सगळे चाटूनच साफ करते, म्हणजे ही गोष्ट त्यांच्या पाळण्यापासूनची आहे, असेही त्यांनी सांगितले. मी औषधाचे पैसे दिले आणि आम्ही दोघे रिक्षाने घरी आलो. वाटेत तिने माझा गाल चाटला. मी काही बोललो नाही.

त्यानंतर उपायांचे पर्व सुरू झाले. जेवणात अननस घालावा, पपई घालावी, भोपळा घालावा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वस्तूची चव बिघडते, असे कुत्री पाळणारे एकमेकांना सांगत असतात. मुळात ती जी वस्तू आहे तिची चव आणखी बिघडेल, हा आशावाद मला थोर वाटला. चिंगीने अननस खाल्ला, पपई खाल्ली, आणि त्यांच्यापासून झालेलेही खाल्ले. माझा धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याने डिसेंबरात येणाऱ्या एका गृहस्थांबरोबर खास याच कामाच्या गोळ्या पाठवल्या. त्या महिनाभर चारल्या. मग त्यानेच, आपल्या घराजवळच्या डेव्हिस येथील विद्यापीठाने 2018 साली प्रसिद्ध केलेली एक पाहणी मला पाठवली. तीत असे होते की, दर शंभरातली सोळा कुत्री हा उद्योग नियमित करतात, त्यांतली बहुतेक दोन दिवसांच्या आतलेच, म्हणजे ताजेच, पसंत करतात, आणि अशा गोळ्या-पुड्यांचा गुण शंभरात दोघांनाही धड येत नाही. जंतांची अंडी बाधक व्हायला दोनएक दिवस लागतात, तेव्हा लांडग्यांच्या काळापासून गुहेजवळची घाण ताजी असतानाच संपवण्याची ही रीत असावी, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. तर्क मला पटला. परंतु आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.

शेवटी उरतो तो उपाय एकच, आणि तो कुत्र्याने नव्हे, मालकाने करायचा असतो. तिच्याआधी आपण तिथे पोहोचायचे, वर्तमानपत्राच्या तुकड्यात उचलायचे आणि तिच्या डोळ्यांदेखत घेऊन जायचे. टेकडीवर पट्टा आखूड धरायचा, कारण तिथे माणसांनीही हातभार लावलेला असतो. ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातले सोडले तर लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा; मात्र ओरडत धावून जायचे नाही, कारण धावणारा माणूस वाटेकरी आहे असे समजून ती घाईने गिळून टाकते. हे मला ठाऊक होते आणि तरीही गेल्या रविवारी मी धावलो. धावता धावता तोंडून ‘सोड’ निघायच्या ऐवजी ‘यूऽ यूऽ यूऽ’ अशी हाक निघाली, आणि मी करवंदीच्या जाळीपाशी थबकलो.

ही हाक माझ्या तोंडात आजीने घातली. माण तालुक्यातल्या आमच्या घरी अंगणात धाकट्याला पायांवर बसवून आजी त्याचे उरकून घेत असे, आणि उरकले की मला म्हणे, ‘‘काळ्याला हाक मार.’’ मी सोप्यातून ‘यूऽ यूऽ’ करी. काळ्या रस्त्याच्या पलीकडून, कान मागे टाकून, तीरासारखा येई. तो आधी जमीन साफ करी, मग धाकट्याला मागून चाटू लागे, आणि गुदगुल्या होऊन ते पोर खदखदून हसे. आजी त्यावर तांब्याभर पाणी ओती. कोणालाही त्यात वावगे वाटत नसे. ते काळ्याचे कामच होते. तेच काम चिंगीने करू नये म्हणून मी कोंबडी उकडतो.

हे सारे मी भावाला फोनवर सांगितले. त्याच्याकडे तेव्हा सकाळची न्याहारी चालली होती. तो पोटभर हसला, आणि मग म्हणाला, ‘‘पण काळ्याला भाकरी घालत नव्हते का?’’

घालत असू. संध्याकाळी चतकोर. परंतु तो 1972-73चा दुष्काळ होता. भावाचा जन्म 1972चा. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, घरात अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी शिजे, आणि मला दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुकडीची मूठ मिळाली की मी ती भिंतीकडे तोंड करून खात असे. काळ्याची चतकोर 1973च्या उन्हाळ्यात कधी बंद झाली, ते मला आठवत नाही. मी हाक मारली की तो इतक्या वेगाने का येई, हे मला सात वर्षांच्या वयात कळण्यासारखे नव्हते.

‘‘पुढे त्याचे काय झाले?’’ भावाने विचारले. मी म्हटले, एके दिवशी यू यू केले आणि तो आला नाही. आजीने खराटा घेतला आणि अंगण स्वतःच झाडले.