दोन गुंठे आणि एक हाक

"अरे हळू बोल, मी इथंच आहे." हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी येतंच. बायको नाशिकची, फ्लॅटमध्ये वाढलेली, आणि मी संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा. वस्ती म्हणजे गाव नव्हे बरं का. गावापासून दोन किलोमीटर आत मळ्यात घर, चारी बाजूंनी ऊस नाहीतर कांदा, आणि सगळ्यात जवळचं घर म्हणजे चुलत्यांचं, विहिरीच्या पलीकडं. आईला चुलतीकडून विरजण हवं असलं तर ती ओट्यावरूनच हाक मारायची, तिकडून "ओ" यायचं, आणि मग मधल्या मेथीच्या वाफ्यांवरून सगळं बोलणं. विरजण, पाहुणे, सोयरीक, भांडणसुद्धा. घसा तसाच तयार झाला आमचा, काय करणार.

सहा वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेसाठी आम्ही शहराच्या कडेला दोन गुंठ्याच्या प्लॉटवर घर बांधलं. दोन गुंठे म्हणजे 2178 स्क्वेअर फूट. वस्तीवरची जमीन सव्वाचार एकर, म्हणजे 170 गुंठे, सातबाऱ्यावर 1 हेक्टर 72 आर. थोडक्यात या प्लॉटसारखे 85 प्लॉट आमच्या मळ्यात बसतील. हा हिशोब मी वास्तुशांतीच्या दिवशीच करून ठेवला होता आणि अण्णांना, म्हणजे वडिलांना, ऐकवला, त्यांनी फक्त कंपाउंडच्या भिंतीकडं बघितलं आणि विचारलं, "बैल कुठं वळवायचा?" बैल विकून आम्हाला पंधरा वर्षं झालीत.

पुण्यातले मित्र म्हणतात, काय तुझं नशीब, एवढी मोकळी जागा सोडून आलास. त्यांच्यातल्या दोघांना अकरा गुंठ्यांचं फार्महाउस घ्यायचंय, पण शेतजमीन विकत घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो हे कळल्यावर मला अचानक फोन जास्त यायला लागले ते असो. पण मोकळी जागा हे मळ्याबद्दल जे लोकांच्या डोक्यात असतं ना, ते मळ्यात राहिलेल्या माणसाला कधी वाटतच नाही. तिथं प्रत्येक फुटाला काम लावलेलं असतं. आमचं घर, पडवी, गोठा, चाऱ्याची गंजी, सगळं मिळून तीन-साडेतीन गुंठ्यात, आणि तेवढीही जागा अण्णांना जड वाटायची, त्यांच्या हिशोबात घर म्हणजे पोटखराबाच, पीक न येणारी जमीन. आईनं एकदा ओट्यापुढं मोगरा आणि दोन गुलाब लावले तर म्हणाले, इथं लसणाचा एक वाफा निघाला असता. बांधावर झाड लावायचं म्हटलं की सावलीनं शेजाऱ्याचं पीक बसतं, म्हणजे पुन्हा वाद. आणि बांध कोरण्यावरून तर विचारूच नका. वीतभर मातीसाठी मोजणी आणा, खुणा रोवा, पुढच्या वर्षी खुणा गायब. रस्त्याचं तर त्याहून वाईट. ज्याचं शेत मागं त्याला वाट द्यायची की नाही यावर तहसीलदाराकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 चा अर्ज गेला की समजायचं, आता हे दोघं एकमेकांच्या लग्नाला जाणार नाहीत.

आणि इकडं प्लॉटवर? इकडं मी लॉन विकत आणली. खरंच सांगतो, गवत पैसे देऊन आणलं. मळ्यात हरळी काढता काढता आमच्या दोन पिढ्यांच्या कमरा गेल्या, हरळी लागलं रान म्हणजे शिवीच, आणि इथं मी नर्सरीवाल्याकडून गवताचे तुकडे आणून गुडघ्यावर बसून लावतोय, वरून रोज पाणी. काळी माती एक ब्रास टाकून घेतली. अण्णा आले तेव्हा मातीचा भाव मी निम्माच सांगितला, तरी ते दिवसभर मधूनमधून नुसते हसत होते. पुढच्या खेपेला ओळखीच्या टेंपोतून शेणखताच्या चार गोण्या आल्या, निरोप होता की माती विकत घेतलीस, आता शेण तरी घेऊ नको.

सोयीचं म्हणाल तर प्लॉट जिंकतो, त्यात वाद नाही. घंटागाडी येते, नळ येतो, वायफाय आहे, रात्री मुलीला ताप आला तर दहा मिनिटांत डॉक्टर. वस्तीवर ऑनलाइन काही मागवलं तर डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन यायचा, "दादा, लोकेशनवर आलोय पण इथं तर नुसता ऊसच आहे." त्याला बिचाऱ्याला डीपीपासून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून, डावीकडं, मग निळ्या टाकीपासून सरळ, असं सांगत सांगत आणावं लागायचं, आणि पावसाळ्यात तर तो पार्सल गावातल्या किराणा दुकानात टाकून निघून जायचा, त्याचंही बरोबर आहे, त्या चिखलात ट्रॅक्टर रुततो तिथं त्याची गाडी काय.

लाइटीचं तर वेगळंच गणित. घरात सिंगल फेज असते म्हणून बल्ब लागतो, पण मोटर चालायला थ्री फेज पाहिजे, ती कधी दिवसा आठ तास तर कधी रात्री, पाळी लागलेली. रात्रपाळी असली की अण्णा बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जायचे. थंडीत, बाराएक वाजता, गुडघाभर गार पाण्यात. स्टार्टर पडला, फुटबॉलात कचरा अडकला (विहिरीतल्या पाइपाच्या टोकाच्या व्हॉल्व्हला आमच्याकडं फुटबॉलच म्हणतात, फुटव्हॉल्व्ह म्हटलं तर दुकानदार वर बघतो), की विहिरीत उतरा. आणि उसात बिबट्या. हे बाहेरच्यांना सांगितलं की डोळे मोठे करतात, पण जुन्नरपासून अकोले-संगमनेरपर्यंत ऊसपट्ट्यातल्या माणसाला त्यात नवल नाही. बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं घालतात, ऊसतोडीच्या वेळी सापडतात मांजरीएवढी. आमचा कुत्रा असाच एका पहाटे गेला, पडवीतून. त्यानंतर आई अंधार पडला की जोरजोरात बोलायची, गोठ्यात जाताना सुद्धा गायीशी मोठ्यानं बोलत जायची. जनावराला कळलं पाहिजे ना की माणूस आहे. म्हणजे आमचा आवाज मोठा का, याचं अर्धं उत्तर इथंही आहे.

प्लॉटवर आलो तर इथं बिबट्या नाही, शेजारी आहेत. डावीकडच्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मला आमच्या किचनमध्ये मोजता येतात, त्यांची डाळ तीन शिट्ट्यांत होते आणि राजमा असला की सात. उजवीकडं रिटायर्ड गुरुजी आहेत, ते रात्री साडेनऊला बातम्या बंद करतात हे त्यांच्या घरातल्यांइतकंच आम्हालाही माहिती. दोघांची साइड मार्जिन, म्हणजे घराच्या बाजूला सोडलेली मोकळी जागा, धरूनही दोन भिंतींमध्ये उरतं ते आठ-नऊ फूट अंतर. तर एवढं सगळं ऐकू येतं म्हणून मग सगळेच हळू बोलतात. काकूंचं आणि सुनेचं वाजलं तर ते कुजबुजत वाजतं, जे मला जास्त भीतीदायक वाटतं. आणि गंमत म्हणजे सहा वर्षांत गुरुजींच्या घरात मी चार वेळा गेलो असेन. चुलत्यांच्या वस्तीवर, मधे दोन शेतं असताना, दिवसातून चार वेळा जाणं व्हायचं, कारण जायलाच लागायचं, त्यांचा पाना आमच्याकडं आणि आमची दोरी त्यांच्याकडं. डीपीवरचा फ्यूज गेला की सहा वस्त्यांची माणसं खाली जमायची आणि ज्याचं ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्यालाही शिडी धरायला लागायचीच. इथं फ्यूज गेला तर मी ॲपवर तक्रार टाकतो. काय बिघडलं, काहीच नाही. पण शिडी कोण धरतं ते माहीत नाही एवढंच.

आई पहिल्यांदा चार दिवस राहायला आली तेव्हा मी कोपऱ्यावर दूध आणायला गेलो होतो, तिनं गच्चीवरून हाक मारली, कोथिंबीर पण आण म्हणून. अख्ख्या लेनमधल्या खिडक्या उघडल्या. दोन घरांमधून लोक बाहेर आले काय झालं बघायला. बायको घरात डोक्याला हात लावून. आणि मी कोपऱ्यावरून, सवयीनं, तेवढ्याच जोरात "ओ" दिली. दोन दिवस सगळे माझ्याकडं बघून हसत होते, पण काकूंनी मात्र संध्याकाळी कोथिंबिरीच्या वड्या पाठवल्या, म्हणाल्या तुमच्या आईंचा आवाज ऐकून आमच्या येवल्याकडची आठवण झाली. त्या येवल्याच्या हे मला तेव्हा कळलं. चौथ्या वर्षी.

मागच्या दिवाळीत वस्तीवर गेलो होतो. अण्णा पलीकडच्या कांद्यात पाणी भरत होते, आईनं मुलीला सांगितलं, जा, आबांना चहाला बोलव. ती ओट्यावर उभी राहून म्हणाली, "आबा." शाळेत बाईंना हाक मारतात तशी. आबा वाकलेलेच. मी म्हटलं, अगं मोठ्यानं. तर तिनं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, आणि मला हळूच विचारलं, "पण बाबा, शेजारचे?"

मी म्हटलं, शेजारचे ऊस आहेत, मार.

मग तिनं मारली. आबांनी लगेच हात वर केला, आणि विहिरीच्या पलीकडून, दिसत काही नव्हतं, चुलतीचा आवाज आला, "काय गं? चहा झाला का? आमाला पण ठेव!" पोरगी दचकली, मग हसायला लागली, आणि दिवस मावळेपर्यंत काही कारण नसताना हाका मारत सुटली.

चुलती प्रत्येक वेळी ओ देत होती.